गाठींचा हिशेब

दर महिन्याच्या २८ तारखेला दुपारी चार वाजता दिल्लीतून एक आकडा जाहीर होतो. औद्योगिक उत्पादन निर्देशांक हे त्याचे नाव. आदल्या महिन्यात देशाच्या कारखान्यांतून किती माल निघाला आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या मानाने तो वाढला की घटला, हे त्यावरून कळते. एप्रिल २०२५ पूर्वी त्याला सुमारे सहा आठवडे लागायचे, आता चार आठवड्यांत तो हाती येतो. ही सुधारणा चांगलीच आहे. शेअर बाजार, रिझर्व्ह बँक, अर्थ मंत्रालय सगळे त्याकडे डोळे लावून बसतात. वाशीम जिल्ह्यात त्याची वाट कोणी पाहत नाही आणि यात वाशीमकरांचा दोष नाही. आपल्या कापूसपट्ट्याचा मुख्य कारखाना या आकड्यात धरलेलाच नाही.

कारंजा, मंगरूळपीर, मानोरा या भागात कारखाना म्हटले की डोळ्यांपुढे जिनिंग-प्रेसिंग येते. विजेवर चालणारे रेचे, पट्ट्यावरून सरकणारी सरकी, गाठी बांधणारी प्रेस, पाळीवर येणारे मजूर, फाटकावरचा वजनकाटा. वीज बिल भरावे लागते, कारखान्याचा परवाना लागतो. तरीही राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ उघडून पाहिले, तर कापसातली सरकी काढणे, रुई साफ करणे आणि गाठी बांधणे या कामाला संकेतांक मिळालेला आहे ०१६३२. यातला पहिला ०१ शेतीचा. कारखानदारीचे विभाग १० पासून सुरू होतात आणि ३३ वर संपतात, आणि निर्देशांकातली कारखानदारी याच विभागांतली. म्हणजे कापूस कास्तकाराच्या घरातून निघाला, जिनिंगमध्ये आला, गाठ होऊन ट्रकमध्ये चढला, तरी देशाच्या हिशेबात तो अजून वावरातच असतो. दूरच्या एखाद्या गिरणीत त्याचे सूत झाले की मग तो कारखान्यात आला असे धरतात.

कागदावरच्या या वर्गवारीने काय बिघडते, असे कोणी विचारील. २०२५ चेच पाहा. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंतच म्हटले होते, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास कापूस घरी येतो आणि रेचे फिरू लागतात. हंगामाचे सुरुवातीचे महिने नेमके या मुदतीत गेले. सूतगिरणीने ब्राझीलचा कापूस वापरला काय आणि कारंज्याचा वापरला काय, सूत तेवढेच निघते आणि निर्देशांकात तेवढेच मोजले जाते. वस्त्रोद्योगाचा आकडा जागच्या जागी राहिला आणि इकडे जिनिंगची एक पाळी बंद पडली, तर त्या आकड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. परदेशी कापसाने नुकसान झाले की नाही, यावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. किती रेचे थांबले, किती गाठी कमी बांधल्या गेल्या, हे मात्र जिल्ह्याला कोणी महिन्याच्या महिन्याला सांगितले नाही.

सोयाबीनचीही हीच कथा. दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के, बाकी बहुतेक ढेप. त्यामुळे तेलाचा कारखाना चालतो की नाही हे ढेपेच्या भावावर आणि आयात होणाऱ्या तेलावर ठरते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, मे २०२५ च्या अखेरीस पुन्हा खाली आणले. बंदराजवळच्या कारखान्यात आयात केलेले कच्चे तेल शुद्ध झाले, तेही उत्पादनच. तिथे वाढले आणि इथे घटले, तर देशाच्या बेरजेत काहीच घडलेले दिसत नाही. वाशीमच्या बाजार समितीत हर्रास चालू असताना खरेदीदार हात आखडता घेतो, तेव्हा कास्तकाराला ते लगेच कळते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, आणि त्याच्या किती खाली बोली सुटली हे तो फलकाकडे न पाहताही सांगतो. आकडेवारीच्या खात्यापर्यंत ते पोहोचायला कधी वर्ष लागते, कधी पोहोचतच नाही.

देशाचा निर्देशांक निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. २०११-१२ च्या पायावर बांधलेल्या मालिकेत १०० पैकी ७७.६३ भार कारखानदारीचा होता. त्यात मूळ धातूंना १२.८० आणि पेट्रोलियम शुद्धीकरणाला ११.७७ भार, तर खाद्यपदार्थांना ५.३० आणि कापडउद्योगाला ३.२९. देशभराचा अंदाज घ्यायचा तर असेच भार लागणार. पाया २०२२-२३ वर नेण्याचे कामही मंत्रालयाने हाती घेतले. याशिवाय महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी जाहीर होणारा खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, म्हणजे पीएमआय, सुमारे ४०० कंपन्यांना विचारून काढतात. नव्या मागण्या वाढल्या का, उत्पादन, नोकऱ्या, पुरवठ्याचा वेळ, कच्च्या मालाचा साठा, असे प्रश्न असतात. ५० च्या वर वाढ, खाली घट. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५९.३ होता, टाळेबंदीच्या एप्रिल २०२० मध्ये २७.४. देशाची नाडी पाहायला हे ठीक. पण आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या किंवा रिसोडच्या डाळमिलला त्यातून स्वतःबद्दल काही समजत नाही. थोड्या माणसांवर चालणारी मिल कारखान्यांच्या नोंदीत सहसा येतच नाही. असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी होते. २०२३-२४ च्या पाहणीत देशात उत्पादनाच्या क्षेत्रातले असे २ कोटींवर उद्योग निघाले. एवढा मोठा पसारा, आणि त्याचा जिल्ह्याजिल्ह्याचा मासिक हिशेब कुठेच नाही.

आणि मासिक मोजमाप वाशीमला नवे नाही. २०१८ पासून आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव यांच्यासोबत. ४९ निर्देशकांवर दर महिन्याला प्रगती मोजतात. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलस्रोत, आर्थिक समावेशन व कौशल्य, पायाभूत सुविधा असे पाच विषय आहेत. बाळाचे वजन मोजले जाते, शाळेतली गळती मोजली जाते, आणि ते मोजलेच पाहिजे. कारखानदारी हा विषय मात्र त्या पाचांत नाही. ज्या घरातल्या बाळाचे वजन आपण लिहून ठेवतो, त्या घराला जिनिंगची मजुरी किती दिवस मिळाली, हे कोण लिहिणार?

याची खंत जास्त वाटते, कारण मोजणीची परंपरा याच मातीतली आहे. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजाचा कापूस बाजार नियंत्रित झाला. हिंदुस्थानातला तसा तो पहिला बाजार मानला जातो. २०२६ मध्ये त्याला १४० वर्षे झाली. इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस रास्त भावात हवा होता, कास्तकाराच्या प्रेमापोटी त्यांनी हे केले नाही. तरी वजन, माप, भाव नियमात बसले. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा. त्या १९२५ च्या कायद्यात एक तरतूद होती, ती आज मुद्दाम वाचावी. प्रत्येक प्रेसिंग कारखान्याने दर आठवड्याला आकडे द्यायचे: गेल्या आठवड्यात किती गाठी बांधल्या आणि हंगाम सुरू झाल्यापासून एकूण किती. सरकारने त्यांची बेरीज करून प्रसिद्ध करायची, पण एकट्या कारखान्याचा आकडा उघड करायचा नाही. संगणक नव्हता, टपालावर कारभार चालायचा, तरी आठवड्याचा हिशेब मागितला जायचा.

परवा एका जिनिंगच्या आवारात गेलो. काट्यावर कापसाची गाडी चढली. पोऱ्याने कापसात मीटरची दांडी खुपसून ओलावा पाहिला. तो आठ टक्क्यांपर्यंत असला तर कटकट नाही, बाराच्या पुढे गेला की सरकारी खरेदीत माल अडतो. आत रेच्यांच्या रांगा, हवेत तरंगणारी तूस, तोंडाला पदर बांधून कचरा वेचणाऱ्या बाया. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ व्हायला पाचेक क्विंटल कापूस लागतो. म्हणून गाठ मोजली की मागे किती वावरे उभी आहेत हेही आपोआप मोजले जाते. प्रेसशेजारच्या भिंतीवर खडूने पाच-पाचच्या रेघोट्या ओढलेल्या होत्या. गाठ बाहेर पडली की फोरमन एक रेघ ओढतो, संध्याकाळी बेरीज वहीत उतरवतो आणि भिंत पुसतो. वहीत तारखा होत्या, पाळ्या होत्या, प्रेस बंद राहिलेले दिवसही होते. मासिक निर्देशांकाला लागते ते सगळे त्या वहीत होते.

अशा वह्या जिल्ह्यात सगळीकडे आहेत. बाजार समित्या रोजची आवक आणि भाव लिहितातच. औद्योगिक ग्राहकांनी किती युनिटे वापरली हे महावितरणकडे आहे. सरकारी खरेदीतल्या गाठींची नोंद भारतीय कापूस महामंडळाकडे आहे. वाशीम स्थानकातून किती माल चढला हे रेल्वेला माहीत असते. जिल्हा सांख्यिकी कार्यालय दर वर्षी जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. त्याच कार्यालयाने जिल्हा उद्योग केंद्राला सोबत घेऊन या वह्यांतले मोजके आकडे दर महिन्याला एकत्र करावेत: गाठी, डाळ, तेल, ढेप, वापरलेली वीज, कामाच्या पाळ्या. मागणी एवढीच आहे. सांख्यिकी संकलन कायदा २००८ माहिती मागण्याचा अधिकार देतो आणि ती गुप्त ठेवण्याचे बंधनही घालतो. त्यामुळे शेजारच्या मिलला आपला धंदा कळेल, ही मालकांची भीती दूर करता येते.

एक काळजी घ्यावी लागेल. आपला उद्योग हंगामी आहे. डिसेंबरची जूनशी तुलना केली तर जिल्हा बुडाला असेच दिसेल. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी आणि शेजारी हंगामाच्या सुरुवातीपासूनची बेरीज द्यावी, १९२५ च्या कायद्याने मागितली होती तशी. तुरीची डाळ फेब्रुवारीपासून, कापूस दिवाळीपासून, सोयाबीन ऑक्टोबरपासून, असे प्रत्येकाचे पंचांग वेगळे धरावे. पाऊस लांबला की हंगामही सरकतो, ते टिपेत लिहावे.

असा आकडा हाती असता, तर कापसावरचे शुल्क उठवल्यानंतरच्या हंगामात तो लगेच पालकमंत्र्यांपुढे ठेवता आला असता. बँकेच्या शाखेला खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना तो कामी आला असता. समृद्धी महामार्ग कारंजा आणि शेलूबाजारजवळून जातो, त्याने इथला माल किती वाढला हेही सांगता आले असते. फेब्रुवारीच्या तोंडावर कपाशीची शेवटची वेचणी बाकी असते आणि तुरीची आवक सुरू होते. फेब्रुवारीच्या गाठी, फेब्रुवारीची डाळ आणि फेब्रुवारीची युनिटे मार्चच्या दहा तारखेपर्यंत एका कागदावर आणून बाजार समितीच्या फलकावर भावांच्या शेजारी लावता येतील.