अनेक मितींचे आकडे आणि दोन मितींचा कागद

कागदाला लांबी व रुंदी अशा दोनच मिती असतात. व्यवहाराला मात्र त्याहून अधिक असतात. एखाद्या व्यापाऱ्याचा माल चार विभागांत विकला जातो, मालाचे पाच प्रकार आहेत, प्रत्येक प्रकाराचे तीन दर्जे आहेत आणि हिशेब बारा महिन्यांचा आहे, असे समजू. एवढ्यानेच ७२० आकडे तयार होतात. आजच्या स्प्रेडशीटमधील पिव्हट टेबल हे आकडे क्षणार्धात हव्या त्या ओळींत व स्तंभांत मांडून देते. परंतु त्या आकड्यांना कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ते ठरवीत नाही. तो निर्णय माणसाचा असतो आणि अहवालाची स्पष्टता त्यावरच अवलंबून असते.

या बाबतीत कोलकाता येथे झालेले कार्य आजही मार्गदर्शक आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये त्या नगरात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. पुढे १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरच्या कुटुंबांच्या खर्चाची माहिती गोळा होऊ लागली. प्रदेश, काळ, खर्चाची पातळी आणि वस्तू, अशा किमान चार मिती तीत होत्या. गरीब कुटुंबांच्या राहणीत खरोखर फरक पडला काय, हा प्रश्न होता. सर्वांची एकच सरासरी काढली, तर नेमकी तीच कुटुंबे दृष्टीआड होत. आणि वस्तूंचे भाव बदलल्यामुळे दोन काळांतील रुपयांची सरळ तुलनाही करता येत नसे.

१९६० मध्ये महालनोबीस यांनी यावर ‘फ्रॅक्टाइल आलेख पद्धती’ मांडली. कुटुंबांना दरडोई खर्चाच्या चढत्या क्रमाने लावावयाचे, त्यांचे समसंख्य गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटाची सरासरी आलेखावर दाखवावयाची. अशा रीतीने एका काळातील सर्वांत खालच्या गटाची तुलना दुसऱ्या काळातील सर्वांत खालच्या गटाशीच होते. याखेरीज, नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग करून प्रत्येकाची वेगळी रेषा काढली जाई. या दोन रेषांमधील क्षेत्र म्हणजे आकड्यांतील अनिश्चिततेचे माप होय. दोन काळांच्या रेषांमधील अंतर त्या मापापेक्षा स्पष्टपणे मोठे असेल, तरच बदल खरा मानणे योग्य ठरते.

व्यापारी अहवालालाही हेच तत्त्व लागू पडते. एका कोष्टकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. ज्यांची तुलना करावयाची, ते आकडे शेजारी असावेत. ज्या मिती स्थिर ठेवल्या किंवा बेरजेत मिळवून टाकल्या, त्यांचा उल्लेख शीर्षकात असावा. जे आकडे अंदाजाचे आहेत, त्यांची अनिश्चितताही दाखवावी.

कार्यबाहुल्यामुळे अधिकाऱ्यांना एकच आकडा हवा असतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तथापि एकूण विक्री वाढलेली असतानाही एखाद्या विभागात ती निम्म्यावर आलेली असू शकते, आणि तेथील कामगारांचे भवितव्य त्या बेरजेखाली झाकले जाते. संक्षेप अवश्य करावा. परंतु त्यात काय वगळले, हे वाचणाऱ्यास सांगितलेच पाहिजे. तसे न सांगता केलेला संक्षेप कितीही सुबक असला, तरी तो दिशाभूलच करतो.