थंडी खालून लागते

डिसेंबर सुरू झाला की पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, ट्रेकला स्लीपिंग बॅग घ्यावीच लागते का? केवढ्याला येते?" या प्रश्नामागे दुसरा प्रश्न दडलेला असतो, पोरीला पाठवायचं की नाही. बॅग महाग निघाली तर नाही म्हणायला एक सोयीचं कारण मिळतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. शिरूर-दौंडच्या मुलांना सह्याद्रीत एक-दोन रात्री काढायला महागडी स्लीपिंग बॅग लागत नाही. तीन-चार हलके थर लागतात आणि ते कोणत्या क्रमाने लावायचे याची समज लागते. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा थर अंगाखाली असतो. आपण सगळा पैसा आणि सगळी काळजी अंगावरच्या पांघरुणावर खर्च करतो, तिथेच चुकतो.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. पूर्वी मी दौंडला शिकवायचे, आता शिरूरला. चार वर्षांपूर्वी जानेवारीत दोन्हीकडच्या मिळून बावीस मुलींना घेऊन गेले होते. दौंडची भीमा आणि शिरूरची घोड, आपल्या दोन्ही नद्या पश्चिमेच्या डोंगरातून येतात. भीमाशंकरच्या रांगेतून भीमा निघते, आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरातून घोड. ती डिंभ्याच्या धरणातून, शिरूरवरून वाहत पुढे भीमेलाच मिळते. भूगोलाच्या पुस्तकातल्या या दोन रेघा मुलींनी पायांनी पाहाव्यात, एवढाच हेतू होता. जीपने गावापर्यंत, पुढे दोन तास चाल, रात्री वरच्या वाडीतल्या एका हॉलमध्ये मुक्काम.

सूचनापत्रात मी लिहिलं होतं, "उबदार पांघरूण आणावे." मुलींनी आणलं. कुणी गोधडी, कुणी दुलई. एकीच्या अब्बांनी तिच्यासाठी खास नवी रजई भरून घेतली होती. नंतर मी ती वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, चार किलो भरली. ती रजई चौघींनी आळीपाळीने डोक्यावर वाहिली. रात्री सिमेंटच्या फरशीवर सतरंज्या टाकल्या, वर रजया घेतल्या आणि सगळ्या झोपल्या. अडीच वाजता एकेक जण उठून बसायला लागली. पोटावर ऊब, पण कमरेखाली आणि खांद्याखाली बर्फ. शेवटी दोघी-दोघींना एकत्र करून एक रजई खाली, एक वर अशी रचना केली, तेव्हा कुठे फजरपर्यंत थोडी झोप लागली. परत आल्यावर तिघींना सर्दी-ताप. त्यातली एक पुढच्या वर्षी आली नाही. तिच्या अब्बांनी मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, सर्दी में बच्ची को फर्शपर सुलाया आपने." त्यांचं बरोबर होतं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री काय झालं ते कोणत्याही पिंजाऱ्याला विचारा. आपल्या समाजात पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखली जाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आली. जुनी रजई दबून चपटी झाली की ती फोडायची, धुनकीवर कापूस पुन्हा पिंजायचा आणि भरायचा. कापूस तोच, वजन तेच, पण रजई पुन्हा गरम. कारण ऊब कापसात नसते, कापसाने अडवून धरलेल्या हवेत असते. स्लीपिंग बॅगमधली बदकाची पिसं किंवा पॉलिएस्टरचे तंतू दुसरं काही करत नाहीत. पिसांची प्रत ठरवतानाही ती फुगून किती जागा व्यापतात हेच मोजतात. ज्ञान आपल्याच घरात होतं. आपण धुनकी अडगळीत टाकली आणि तेच ज्ञान आता दुकानात लेबल लावून विकत घेतो.

आता हाच नियम उलटा करून पाहा. आपण ज्यावर झोपतो ते आपल्याच वजनाने दबतं. दबलं की त्यातली हवा निघून जाते. म्हणून सतरंजी, रजईचा खालचा पदर, अगदी महागड्या स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग, हे सगळं रात्री जवळपास निकामी होतं आणि फरशी किंवा जमीन अंगातली उष्णता सरळ ओढून घेते. खाली असं काही हवं जे वजनाने दबत नाही. ते म्हणजे बंद पेशींच्या दाट फोमची, गुंडाळी होणारी चटई. सेंटिमीटरभर जाडीची चटई साधारण ३०० ते ४०० ग्रॅम भरते आणि काही शे रुपयांत मिळते. हाताशी पैसे थोडे असतील तर पहिले इथे घाला. तेही नसतील तर खोक्यांचे पुठ्ठे आणि त्यावर वर्तमानपत्रांचे जाड थर वापरा. पुठ्ठ्याच्या नळ्यांतही हवाच असते. चटई गुडघ्यांपर्यंत पुरली तरी चालते, पायांखाली रिकामी केलेली सॅक घालावी.

दुसरा थर आतली खोळ. जुनी सुती साडी किंवा मोठी ओढणी दुमडून दोन बाजूंनी शिवली की झाली, ३५० ग्रॅमच्या आसपास. पांघरूण स्वच्छ राहतं आणि हवेचा एक पातळ थर वाढतो.

तिसरा थर मुख्य पांघरूण. इथे मी एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ फ्लीसच्या चादरी सुचवते, प्रत्येकी ६०० ते ७०० ग्रॅमच्या. आमच्या मुलींनी दोन्ही चादरींच्या कडांना टिचबटनं लावली. थंडी कमी असेल तर एकच चादर, वाढली तर दुसरी जोडायची आणि पायाकडून बंद करायची. म्हणजे चटई, खोळ, चादरी मिळून दोन किलो, त्या रजईच्या निम्मं. घरी हलकी सिंथेटिक स्लीपिंग बॅग असेल तर चादरींऐवजी ती चालेल, पण चटई तरीही हवीच.

थरांची ही कल्पना नवी नाही. अमेरिकी सैन्याने १९९० च्या दशकात जी झोपण्याची व्यवस्था आणली, तीही अशीच सुटी होती. एक पातळ पिशवी, एक जाड पिशवी आणि पाणी-वारा अडवणारं बाहेरचं आवरण. हवामान पाहून एकच वापरा, नाहीतर एकात एक घाला. आपल्या माळावरून मेंढ्या घेऊन जाणारा धनगरही घोंगडी कधी खाली घेतो, कधी वर, कधी पावसात खोळ करून डोक्यावर. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पिऊनही ऊब देत राहते, कापसाला ते जमत नाही. पण घोंगडी सहज दोन किलोंच्या वर जाते, म्हणून नववीतल्या मुलीच्या पाठीवर मी ती देत नाही. जीप मुक्कामापर्यंत जाणार असेल तर घोंगडीसारखं दुसरं काही नाही.

आता ज्यांना बॅग विकतच घ्यायची आहे त्यांच्यासाठी. लेबलावरचा एकच मोठा आकडा पाहून फसू नका. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. कम्फर्ट हा सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल असा आकडा, लिमिट हा सर्वसाधारण पुरुषाला अंग आखडून का होईना झोपता येईल असा. एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्याची आशा, त्याकडे पाहूच नका. कम्फर्ट आणि लिमिटमध्ये बहुधा पाच-सहा अंशांचं अंतर असतं, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात बरेचदा लिमिटच छापतात. मुलींसाठी बॅग घेताना सरांनी स्वतःच्या अंदाजाने घेतली तर मुली रात्रभर कुडकुडणार आणि सकाळी लोक म्हणणार, "मुली नाजूकच असतात." मुली नाजूक नसतात, आकडा चुकीचा वाचलेला असतो. शिवाय ही चाचणी बॅगेखाली चटई आहे असं धरूनच केलेली असते.

किती थंडी धरायची? जानेवारीत आपल्याकडे मळ्यात किमान तापमान ८ ते १० अंशांवर येतं, एखाद्या लाटेत त्याहून खाली. डोंगरात हजार मीटर चढलं की सरासरी सहा-साडेसहा अंश कमी होतात, पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गणित उलटतं. गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत दरीत आणि नदीकाठी साठते. म्हणून नदीकाठच्या मळ्यातली पहाट टेकडीच्या माथ्यापेक्षा गार असू शकते. माथ्यावर त्रास देतो तो वारा. दोन्ही ठिकाणी बंदिस्त छप्पर उत्तम. उसाच्या फडाजवळ उघड्यावर झोपण्याचा विचारही करू नका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे सगळे बिबट्यांचे तालुके आहेत. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावातच राहावं.

काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. झोपण्याचे कपडे वेगळे आणि कोरडे ठेवा, चालून घामेजलेल्या कपड्यांत झोपू नका. कानटोपी आणि सैल मोजे घाला. तोंड पांघरुणात घेऊ नका, श्वासाची वाफ आत साठून पांघरूण ओलं होतं. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यानेही तेच होतं. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून पायाशी घ्या. पोटभर जेवून झोपा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, तिच्या विषारी वायूला वास नसतो. फजरच्या वजूसाठी रात्रीच थर्मासमध्ये पाणी भरून ठेवा, एक छोटा टॉवेल फक्त त्यासाठी राखा, पाय पूर्ण कोरडे करूनच मोजे चढवा. घरी परतलात की चादरी आणि बॅग उन्हात वाळवून मोकळ्या ठेवा. पिशवीत महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली बॅग दबलेल्या रजईसारखीच गार पडते.

एक मर्यादाही सांगते. हे सगळं सह्याद्रीसाठी आहे. हिमालयात, बर्फात जायचं असेल तर टिचबटनाच्या चादरींवर जाऊ नका. तिथे योग्य मानकाची बॅग आणि जाड चटई भाड्याने का होईना घ्यायलाच हवी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्या घरांत "सामान नाही" हे कारण मुलांच्या बाबतीत क्वचित, मुलींच्या बाबतीत नेहमी पुढे येतं. तेच घर डिसेंबरात जमातीत निघालेल्या मुलाचा बिस्तर मात्र रात्रीत बांधून देतं. चटई, चादर, उशी, लोटा, सगळं एका गुंडाळीत, खांद्यावर मावेल एवढं. मशिदीच्या फरशीवर तीन दिवस किंवा चाळीस दिवस झोपण्याचा अनुभव घराघरात आहे. मग डोंगरातल्या एका रात्रीला आपण सामानाअभावी का अडतो? कुरआनच्या सूरह नहलमध्ये, ऐंशीव्या आयतीत, मुक्कामाच्या आणि प्रवासाच्या दिवशी हलकी वाटणारी चामड्याची निवाऱ्यं आणि लोकरीपासून मिळणाऱ्या वस्तू यांची गणना अल्लाहच्या देणग्यांमध्ये केली आहे. हलकं सामान घेऊन जमिनीवर हिंडणं आपल्याला परकं नाही.

काहींच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती कुणी मोठ्याने बोलत नाही. डोंगर, किल्ले, ट्रेक हे "त्यांचं" काम. मला हे मान्य नाही. जी नदी आपल्या दारावरून वाहते तिचा उगम पाहणं हे आपलंही काम आहे. वाडीतल्या ज्या मावशींनी त्या रात्री अडीच वाजता उठून आमच्यासाठी चहा ठेवला, त्यांनी मुलींना नावंसुद्धा नंतर विचारली.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच हॉलमध्ये थरांसह झोपलो. पहाटे मीच मुलींना हाका मारून उठवलं. त्या वर्षी न आलेल्या मुलीच्या घरी मी अलीकडे पुन्हा गेले होते, आता तिची धाकटी बहीण आठवीत आहे. सोबत चटईची गुंडाळी आणि टिचबटनाच्या चादरी नेल्या, त्यांच्या बैठकीत अंथरून दाखवल्या. अब्बांनी चटईवर हात दाबून पाहिला, मग चादर उचलून वजन पाहिलं. "सोचता हूं," म्हणाले. जानेवारीला अजून वेळ आहे.