वाण कुणाचा, हात कुणाचे?

देवळाली कॅम्पच्या बाजारात मिरची घेताना ती किती तिखट, एवढेच आपण विचारतो. तिचा वाण कुणी घडवला, हे विचारत नाही. आम्हाला नेमके तेच विचारायचे आहे.

नवा वाण आभाळातून पडत नाही. कळी उमलण्याआधी चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि निवडलेल्या दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. संकरित बियाण्यासाठी हे काम दर हंगामाला कळीकळीवर करावे लागते. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा परिसरातल्या शेडनेटमध्ये ते चालते आणि त्यात राबतात त्या मजूर बाया. पाकिटावर नाव मात्र कंपनीचे! त्या मिरचीचे बी राखून पुढच्या साली लावले तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा पाकीट घेणे आलेच.

वाणाची परीक्षा होते ती उत्पादन, रंग, तिखटपणा आणि चुरडा-मुरडा रोगाला तो किती टिकतो यावर. हे हवेच. पण मिरची तोडणाऱ्या, नंदुरबारच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या मायबहिणींच्या बोटांची आग कोणत्या रकान्यात लिहायची? अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये यंत्राला तोडणी सोपी जावी म्हणून देठ सहज सुटणाऱ्या मिरचीवर संशोधन झाले. यंत्रासाठी जे सुचते, ते माणसासाठी का सुचू नये?

संशोधन हे आपले काम नव्हे, असे कुणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे दलित समाजातले, दीडेक एकराचे शेतकरी. त्यांनी निवड करून एचएमटी धान घडवले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण आणला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, तेही हलाखीतच. धानाचे जे झाले ते मिरचीचे होऊ द्यायचे काय?

२००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याने घडवलेल्या वाणाची नोंदणी त्याच्याच नावे करतो, तीही विनाशुल्क. पारंपरिक वाण जपणारा आणि निवडीने सुधारणाराही या कायद्याने शेतकरीच ठरतो. सातबारा नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. भूमिहीनांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मिरचीच्या प्रत्येक चाचणीत तोडणाऱ्या बायांना परीक्षक म्हणून बसवा. कृषी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वस्ती-पाड्यावरची जुनी बियाणी गोळा करून त्यांची नोंदणी करावी. राहुरीचे विद्यापीठ महात्मा फुल्यांच्या नावाचे. ‘फुले ज्योती’, ‘फुले सई’ हे त्याचे मिरचीचे वाण. फुल्यांचे नाव वाणाला दिले, आता फुल्यांचा न्याय राबणाऱ्या हातांना द्या!