जुनी गाणी, नवी मांडणी

गेल्या पावसाळ्यात मडगावास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी एक लहानसा वाद ऐकावयास मिळाला. त्यांच्या चिरंजीवांनी आपल्या पहिल्या मिळकतीतून दिवाणखान्यात पाच स्पीकर मांडले होते. वडिलांच्या तरुणपणची आवडती तबकडी म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. तीच त्याने त्यांना नव्या रीतीने ऐकवली. घड्याळांचा गजर चहूंकडून एकदम सुरू झाला, तसे ते खुर्चीतल्या खुर्चीत वळून पाहू लागले. संगीत संपल्यावर म्हणाले, “छान आहे रे, पण हे माझे गाणे नव्हे.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, गाणे तेच आहे. तुम्ही त्याच्या आत बसला आहात, इतकेच.”

दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटले. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. जुन्या, सर्वमान्य रॉक ध्वनिमुद्रणांची नव्याने मांडणी करून ती श्रोत्याच्या भोवती पसरणे उचित की अनुचित, हा तो प्रश्न होय. दिसावयास तो केवळ करमणुकीचा आहे. परंतु पूर्वजांच्या कृतीस नंतरच्यांनी कितपत हात लावावा, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

आधी हे घडते कसे ते पाहू. 1973 साली निघालेली उपरोक्त तबकडी लंडनमधील ॲबी रोडवरील स्टुडिओत सोळा ट्रॅकांच्या फितीवर मुद्रित झाली. म्हणजे ढोल, गिटार, कंठ इत्यादी ध्वनी एकाच रुंद फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत साठविलेले होते. त्यांतील कोणता किती मोठा ठेवावयाचा आणि कोठून ऐकवावयाचा, हे ठरवून ते एकत्र करणे म्हणजे मिश्रण. सर्व ध्वनी एकाच स्पीकरमधून आले की ते मोनो, डाव्याउजव्या दोहोंतून आले की स्टीरिओ. सराउंड पद्धतीत समोर तीन आणि मागच्या अंगास दोन असे पाच स्पीकर असतात. शिवाय केवळ खर्जाच्या गंभीर नादासाठी आणखी एक असतो. मूळ फीत जपून ठेवलेली असेल, तर गायकवादकांना पुन्हा न बोलावता मिश्रण मात्र नव्याने करता येते. यात गाणे बदलत नाही. बदलते ती त्याची मांडणी.

ही कल्पना आजची नव्हे. पिंक फ्लॉइडने 12 मे 1967 रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये आपले ध्वनी सभागृहाभोवती फिरविण्याचा प्रयोग केला होता. पुढे 1970 नंतर ‘क्वाड्रोफोनिक’ या नावाने चार स्पीकरांच्या तबकड्या बाजारात आल्या. परंतु कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. एस्क्यू, क्यूएस आणि सीडी-4 अशा तीन पद्धती निघाल्या आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडेना. पहिल्या दोहोंत चार ध्वनी दोहोंत दुमडून पुन्हा उलगडावे लागत, त्यामुळे ते एकमेकांत मिसळत. तिसरीस निराळी सुई लागे. ग्राहक गोंधळला, आणि ते दशक संपता संपता हा सारा खटाटोप बारगळला. ‘द हू’ या वृंदाने 1973 साली आपल्या आल्बमचे नावच ‘क्वाड्रोफेनिया’ ठेवले; पण तो बाजारात आला तो मात्र साध्या स्टीरिओत!

एकविसाव्या शतकाच्या आरंभी नव्या प्रकारच्या चकत्या निघाल्या आणि ही इच्छा पुन्हा जागी झाली. 2002 साली क्वीन वृंदाच्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (1975) या आल्बमचे सराउंड मिश्रण एलियट शायनर यांनी केलेले निघाले. 2003 साली जेम्स गथ्री यांनी ‘डार्क साइड’चे केले. 2009 पासून स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, येस अशा वृंदांचे जुने आल्बम एकामागून एक हाती घेतले. त्यानंतर डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत 2012 साली चित्रपटगृहांत आली. तीत डोक्यावरूनही ध्वनी येतो. 2021 पासून ॲपलच्या संगीतसेवेवर तिच्यातील गाणी घरोघरी पोहोचू लागली.

यावर पहिला आक्षेप असा, की कर्त्याने जे एकदा ठरविले ते मोडण्याचा अधिकार इतरांस नाही. आक्षेप वजनदार आहे. परंतु कर्त्याने नेमके काय ठरविले होते, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ (1967) घ्या. त्याच्या मोनो मिश्रणाच्या वेळी ते चौघे जातीने हजर असत. स्टीरिओ मिश्रण मागाहून इतरांनी थोडक्या दिवसांत उरकले. पुढे जगाने मुख्यतः ऐकले ते स्टीरिओच. मग यांतील मूळ कोणते? शिवाय त्या काळी चारच ट्रॅक उपलब्ध असल्यामुळे भरलेली फीत दुसऱ्या फितीवर आटवून घ्यावी लागे, आणि प्रत्येक वेळी ध्वनी थोडा मळत असे. 2017 साली मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी आटविण्यापूर्वीच्या फिती घेऊन नवे मिश्रण केले. तेव्हा पन्नास वर्षे दबलेली वाद्ये स्वच्छ ऐकू आली. यास आम्ही ढवळाढवळ म्हणणार नाही.

‘डार्क साइड’मधील घड्याळांचीही हकीकत अशीच उद्बोधक आहे. ॲलन पार्सन्स या तरुण तंत्रज्ञाने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा ठोका निरनिराळा मुद्रित केला होता, आणि तोही चार स्पीकरांच्या प्रात्यक्षिकासाठी. पुढे तो या आल्बममध्ये आला. म्हणजे आमच्या स्नेह्यांस ज्या गजराने दचकविले, तो मुळात चहूंकडून ऐकण्यासाठीच जन्मास आला होता.

दुसरा आक्षेप असा, की संगीत समोरून ऐकावयाचे असते, पाठीमागून येणारे वाद्य अस्वाभाविक होय. हा आक्षेप निदान गोमंतकात तरी कोणी घेऊ नये. आमच्याकडील जुन्या चर्चमध्ये गायकवृंद बहुधा प्रवेशद्वाराच्या वरील माडीवर असतो. भाविकाचे तोंड वेदीकडे आणि गायन त्याच्या पाठीमागून, वरून. देवळातील आरतीच्या वेळी तर झांजा, घंटा आणि लोकांचे कंठ यांच्या मधोमधच आपण उभे असतो. व्हेनिस येथील सेंट मार्क चर्चमध्ये सोळाव्या शतकातच समोरासमोरच्या सज्जांत गायकवृंद वाटून उभे करीत. संगीत समोर आणि श्रोता पुढ्यात हा रिवाज नाट्यगृहाचा आहे, निसर्गाचा नव्हे.

तथापि सर्व नवी मिश्रणे आम्हांस मान्य आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पाच स्पीकर आहेत म्हणून पाचांनाही सतत कामास लावणे, गिटार उगाच खोलीभर गरगर फिरविणे, हा खेळ पहिल्या दिवशी गमतीचा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा वीट येतो. आमची कसोटी साधी आहे. ऐकून झाल्यावर आपण गाण्याविषयी बोलतो की यंत्राविषयी? ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा मधला भाग पाहा. तो भव्य गायकसमूह म्हणजे वस्तुतः फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे तिघेच. आपलेच आवाज त्यांनी पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक रचले. हे आवाज स्टीरिओत एका भिंतीसारखे समोर उभे राहतात. सराउंडमध्ये ती भिंत उकलते, आणि एकेक चिरा कसा बसविला आहे ते कळते. येथे तंत्र गाण्याच्या सेवेस आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हेही ठाऊक असावे, की हे मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचे विद्यार्थी. 1991 साली ते निवर्तले. 2002 च्या मिश्रणास त्यांची संमती विचारणे कोणास शक्यच नव्हते. अशा वेळी नंतरच्या माणसाची जबाबदारी दुप्पट होते.

ती जबाबदारी कशी पाळावी, याचे धडे आपल्या वाङ्मयात आहेत. थोर उदाहरण लहान गोष्टीस लावल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. प्रतींत शिरलेली अशुद्धे काढली, पण स्वतःची ओवी तीत घुसडली नाही. मळलेली फीत स्वच्छ करणाऱ्याचे काम या जातीचे. स्वतः ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. मूळ ग्रंथात जे थोडक्यात आहे ते तिने विस्ताराने उलगडून दाखविले, परंतु गीता पुसून टाकली नाही. श्लोक जागच्या जागी राहिला आणि त्याखाली ओव्या आल्या. सराउंड मिश्रण करणाऱ्याने स्वतःस टीकाकार समजावे, ग्रंथकार समजू नये. एकाच ‘डार्क साइड’चे पार्सन्सचे 1973 चे चार स्पीकरांचे आणि गथ्रींचे 2003 चे अशी दोन मिश्रणे 2011 च्या संग्रहात शेजारी शेजारी मिळतात. दोन टीका हाती असल्या की वाचक अधिक शहाणा होतो.

आमची खरी भीती येथेच आहे. काही संगीतसेवांत अनुकूल साधन जोडलेले असले, की नवे मिश्रण आपोआप लागते. ऐकणाऱ्या मुलास आपण टीका ऐकत आहोत याची गंधवार्ताही नसते. अशा रीतीने काही वर्षांनी मूळ मांडणी कोणास ठाऊकच राहिली नाही, तर ‘हे माझे गाणे नव्हे’ असे म्हणावयास कोणी उरणार नाही. कारण त्याचे गाणे कोणते होते हे सांगणारा पुरावाच हाती नसेल. म्हणून प्रत्येक नव्या मिश्रणाबरोबर जुने सहज मिळेल अशी तजवीज हवी, आणि कोणते कोणी व कोणत्या साली केले हे स्पष्ट लिहिलेले हवे. छापील ग्रंथावर संपादकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष असते, त्याहून अधिक काही आम्ही मागत नाही.

पालकांस एक सांगणे आहे. मुलांनी हट्ट धरला म्हणून पाच स्पीकर घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. घरातील साध्या दोन स्पीकरांवरही चांगला कान तयार होतो. सराउंडचा मोठा गुण यंत्रात नसून त्या बैठकीत आहे, जी ते श्रोत्यास घालावयास लावते. एका ठरावीक जागी बसल्याखेरीज त्याचा परिणाम साधत नाही, त्यामुळे ‘डार्क साइड’ची सुमारे 43 मिनिटे माणूस दुसरे काही न करता नुसता ऐकतो. हल्ली गाणे वाजत असते आणि आपण अभ्यास करतो, जेवतो, बोलतो. ऐकणे म्हणून ऐकणे दुर्मिळ झाले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या रविवारी एवढे करून पाहा. आवडते एखादे जुने गाणे मूळ मिश्रणात, डोळे मिटून ऐका आणि कोणकोणती वाद्ये ऐकू आली ती वहीत लिहा. नंतर कोणाकडे सोय असल्यास तेच सराउंडमध्ये ऐका आणि नवे काय सापडले ते दुसऱ्या रकान्यात लिहा. शेवटी पुन्हा मूळ ऐका. दुसऱ्या रकान्यातील बऱ्याच गोष्टी आता तुम्हांस मूळ मिश्रणातही ऐकू येतील. त्या तेथे पहिल्यापासूनच होत्या.

आमच्या स्नेह्यांच्या घरी हेच घडले असे कळते. वडील जुनीच तबकडी लावतात, पण मध्येच चिरंजीवांस हाक मारून म्हणतात, “तो मागून येणारा आवाज यातही आहे रे, मला इतकी वर्षे ऐकू आला नव्हता.”