पाटी आपली, उतारा कोणाचा?



गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो आहे. कोणाची सून पापड-कुरडया करते, कोणाच्या घरी लाकडी घाण्याचे तेल निघते, कोणी घरच्या ज्वारीचे पोहे करून विकतो. विचारणे सगळ्यांचे एकच : धंद्याची वेबसाइट काढावी म्हणतो, काय करावे लागते, किती पैसे लागतात आणि फसगत तर होणार नाही ना? शेवटचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सोलापूर शहरातून विजापूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की जुळे सोलापूर लागते. तिथे राहणाऱ्या एक बाई कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी करून विकतात. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. माहेर मंगळवेढ्याकडचे, ज्वारी तिकडचीच मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे आपल्याला ठाऊक आहेच. वाळवलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, त्यामुळे पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके पार्सल मागवू लागली. शेजारचा एक मुलगा इंजिनिअरिंगला होता. २०१९ साली तो म्हणाला, "मावशी, मी काढून देतो की वेबसाइट." काढली, आणि चांगली काढली. दोन वर्षे धंदा वाढला. पिशव्यांवर, पावतीवर, रिक्षाच्या मागच्या फलकावर वेबसाइटचे नाव छापले गेले.

मग मुलाला परगावी नोकरी लागली. एके दिवशी नाशिकच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो ताई, तुमचं नाव टाकलं की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येतेय!" बाई हबकल्या. चौकशी केल्यावर उलगडा झाला. वेबसाइटचे नाव मुलाच्या नावे, मुलाच्या ई-मेलवर घेतलेले होते. दरवर्षीचे शुल्क भरण्याची सूचना त्या ई-मेलवर येत राहिली आणि तो ई-मेल मुलाने केव्हाच सोडून दिला होता. मुदत टळली, नाव मोकळे झाले आणि कोणीतरी परक्याने उचलले. मुलाची लबाडी यात काडीची नव्हती. त्याला कळले तेव्हा तोच जास्त कष्टी झाला. पण नाव गेले ते गेले. छापलेल्या पिशव्या कोपऱ्यात पडून राहिल्या आणि बाईंनी नवे नाव घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली.

आपण शेतकरी माणसे. वीस वर्षे जमीन कसली तरी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असेल तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वेबसाइटचेही तसेच आहे. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकच समजण्यात घोटाळा होतो. एक म्हणजे नाव, त्याला डोमेन म्हणतात. हा उतारा. दुसरी म्हणजे होस्टिंग, म्हणजे आपली पाने आणि फोटो ज्या संगणकावर ठेवायचे तिथली भाड्याची जागा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दुकानासाठी जागा घेतात ना, तशी. जागा पटली नाही तर पुढच्या वेळी दुसरीकडे मांडावे, गिऱ्हाईक पाटी पाहून येतेच. पण पाटीच गेली तर कसे शोधणार?

म्हणून नाव घेताना जवळ बसा. नोंदणी स्वतःच्या नावावर करा. ई-मेल आणि मोबाइल नंबर आपला किंवा घरातल्या माणसाचा द्या, पैसे आपल्या खात्यातून भरा आणि पावती व पासवर्ड घरच्या वहीत लिहून पेटीत ठेवा. काम करणारा भाचा असो की पुतण्या. भावाभावांत उतारे वेगळे असले म्हणजे प्रेम कमी होते असे नाही.

नावाला फार पैसे पडत नाहीत. शेवटी 'डॉट इन' असलेले नाव ठोकळमानाने पाचशे ते हजार रुपये वर्षाला मिळते. 'डॉट इन' हे आपल्या देशाचे, त्याचा कारभार 'निक्सी' ही संस्था पाहते. हिनेच २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' ही नावेही सुरू केली. मराठीत नाव असावे असे आम्हालाही वाटते, पण पहिले नाव 'डॉट इन'चे घ्या, मराठी मागाहून जोडीला. पुष्कळ गिऱ्हाइकांना फोनवर इंग्रजी अक्षरेच चटकन सापडतात. त्यातही एक मेख आहे. भाकरी हा शब्द इंग्रजी अक्षरांत एक जण 'के'नंतर 'ए' घालून लिहितो, दुसरा न घालता. सोलापूरचेच पाहा, साहेबाच्या काळात ते 'शोलापूर' लिहीत, अजूनही जुन्या कागदांवर तसे सापडते. तेव्हा फोनवरून एकदा सांगितले की लिहिता येईल असे आखूड नाव निवडा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून दुप्पट-तिप्पट अशीही विक्री चालते, म्हणून पुढच्या वर्षाचा दर आधी विचारा. मुदत संपल्यावर बहुधा काही दिवसांची सवलत मिळते, नंतर दंड भरावा लागतो आणि त्यानंतर नाव कोणालाही मोकळे. जमल्यास तीन-चार वर्षांचे एकदम भरून टाका.

आता जागा. लहान धंद्याला सामायिक जागा पुरते. म्हणजे चाळीतली खोली, नळ सगळ्यांचा एक. शेजाऱ्याने जास्त पाणी ओढले की आपली धार बारीक होते, पण भाडे परवडते, वर्षाला साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत. चार-सहा पानांच्या वेबसाइटला त्याहून मोठे काही घ्यायला कोणी लावत असेल तर दुसरीकडे विचारून पाहावे. शेळी बांधायला वाडा लागत नाही.

पाने तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. एक साधी, न बदलणारी पाने. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली युरोपातल्या 'सर्न' या संशोधन संस्थेत काढली, ती अशीच होती, नुसता मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय. दुसरा मार्ग 'वर्डप्रेस'सारख्या फुकट मिळणाऱ्या तयार साच्याचा. त्यात दर बदलणे, फोटो टाकणे घरच्या मुलीलाही जमते. पण तो वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. सहा महिने लक्ष दिले नाही की पडीक रानासारखे तण माजते आणि चोर शिरतात. ज्याच्या घरी लक्ष द्यायला कोणी नाही त्याने साधी पाने घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणताही मार्ग घ्या, सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घरी ठेवा. बियाणे राखून ठेवतो तसे.

मजकूर लिहिताना थाट नको. वस्तू काय, वजन किती, दर काय, किती दिवस टिकते, पार्सलचा खर्च वेगळा की धरून, फोन कोणत्या वेळी उचलाल, एवढे मराठीत सरळ लिहा. कडक भाकरी वाटेत मोडते. मोडल्यास काय करणार, हेही लिहा, भांडण वाचते. अन्नपदार्थ घरगुती असला तरी एफएसएसएआयची नोंदणी काढून तिचा चौदा आकडी क्रमांक द्यावा. फोटो सकाळच्या उजेडात काढा आणि लहान करून टाका. मोबाइलचा फोटो जसाच्या तसा टाकला तर तो चार-पाच एमबीचा असतो, आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या फोनवर पान उघडेपर्यंत चहा उकळून जातो. दोनशे केबीत काम भागते. पत्त्याशेजारी सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असावे, हल्ली ते 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा संस्थेकडून फुकट मिळते. मात्र गिऱ्हाईक म्हणून आपणही ध्यानात ठेवावे, की त्याचा अर्थ पाकीट वाटेत कोणी फोडत नाही एवढाच. दुकानदार सच्चा आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

वेबसाइटवर फोन नंबर दिला की भामट्यांचेही फोन येतात. "लष्करातून बोलतोय, दोनशे भाकरी पाहिजेत, पैसे आगाऊ पाठवतो, हा कोड स्कॅन करा," असे सांगून पुष्कळांना लुटले आहे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

काही जण विचारतील, व्हॉट्सअॅपवर धंदा चालतो आहे, मग वेबसाइट हवीच कशाला? आठवड्याला पाच-दहा गिऱ्हाइके असतील तर खरोखरच घाई नको. व्हॉट्सअॅपवरच्या यादीत दर लिहा, गुगलच्या नकाशावर दुकान नोंदवा, दोन्ही फुकट आहे. परगावची गिऱ्हाइके नाव विचारू लागली की वेबसाइटकडे वळा. पण नाव मात्र आजच घेऊन ठेवायला हरकत नाही, दुसरा कोणी नेण्याआधी.

जुळे सोलापुरातल्या बाईंचे नवे नाव आता त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. शुल्काची तारीख त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आहे आणि नव्या पिशव्यांवर या खेपेला वेबसाइटच्या वर फोन नंबर मोठ्या अक्षरांत छापून घेतला आहे. पुढच्या आठवड्यात पार्सलच्या बांधणीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देऊ.