साडीचोळी आणि सातबारा



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण बायकांना फार ऐकवली जाते. जमीन ज्याच्या कब्जात असते त्याला ती सोयीची आहे. वाद लांबला तरी त्याचं पीक निघत राहतं. जिचा वाटा अडकलेला असतो, तिने मात्र शहाणपणा म्हणून गप्प बसायचं.

इगतपुरी तालुक्यातल्या बैठकांत मी हे पुन्हा पुन्हा ऐकते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्त्याच्या आधीच जमिनीला भाव आला होता. भाव आला तशी लग्न होऊन गेलेल्या लेकींची आठवण झाली, कारण आता त्यांची सही लागते. भाऊ साडीचोळी घेऊन येतो आणि पिशवीत हक्कसोडपत्र असतं. सही केली नाही तर माहेर तुटलं, हे न बोलताही कळतं.

अशा वेळी ‘पोलिसात जाऊ का?’ असं बाई विचारते. म्हणून आधी फरक समजून घेऊ. मारहाण, धमकी, खोटी सही हे फौजदारी गुन्हे आहेत. त्यात सरकार गुन्हेगाराला शिक्षा मागतं. वाट्याचा प्रश्न दिवाणी आहे. तिथे दावा आपण स्वतः लावायचा असतो आणि मागायचा असतो तो हक्क: वाटप, ताबा, किंवा जमीन परस्पर विकू नये म्हणून मनाई हुकूम. गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे ते पाहतात. म्हणून इथे आरडाओरड्यापेक्षा कागद आणि तारखा मोलाच्या.

तारखांचं महत्त्व आपण महाराष्ट्रातल्या बायकांनी अनुभवलं आहे. १९९४ साली आपल्या राज्याने हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला. पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ही अट ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

वाटा नाकारला गेल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो. फसवून सही घेतली असेल, तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दस्त रद्द करण्याचा दावा करावा लागतो. सातबारावर नाव नाही एवढ्याने हक्क जात नाही. सातबारा महसुलासाठी असतो, मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालय करतं. आणि साध्या कागदावरच्या सहीने जमिनीवरचा हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावी लागते.

याच तालुक्यातल्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी बहिणींचं काय? हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी पुढे केली जाते. बाईला वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल, तर तिला समान वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी एका आदिवासी कुटुंबाच्या दाव्यात दिला. पण प्रत्येकीने एकेकटीने दिल्लीपर्यंत लढायचं का? कायद्यातच दुरुस्ती हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

समेटाला माझा विरोध नाही. दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात, आणि भावाचं घर कोणाला नको असतं? लोकअदालतीत कोर्ट फी परत मिळते, वाद लवकर मिटतो. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून आपला वाटा किती, हे कळल्याशिवाय तडजोडीला बसायचं नाही. समजून उमजून एखादीने भावाला वाटा दिला, तर तो तिचा निर्णय. न कळता सही केली, तर तो समेट नव्हे. वकिलाच्या खर्चाची भीतीही नको: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा.

आपल्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली हजारो शेतकरी बायका जमल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. सासरच्या जमिनीबद्दल तेव्हा बोलता आलं, तर माहेरच्या जमिनीबद्दल आज का नाही?

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने माहेरचा सातबारा आणि फेरफाराची नक्कल आणावी. सगळ्याजणी मिळून वाचू. आणि कोणाच्या दारात साडीचोळीसोबत कागद आला, तर तिने एवढंच म्हणावं: ‘कागद ठेवून जा, वाचून सांगते.’