विश्रांती आपल्या एकट्याची नव्हे



मे महिन्यातला रविवार होता. धर्मशिक्षणाच्या वर्गांना सुट्टी, गायनमंडळाचा सराव नाही, कुठली मीटिंग नाही. सकाळची पहिली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा बऱ्याच महिन्यांनी वाटले की आज आपल्याला कोणी बोलावणार नाही. खरे सांगायचे तर थोडे चुकल्यासारखेच झाले. चर्चच्या सेवेत असलेल्या आपल्यासारख्यांना रिकामा दिवस म्हणजे जणू अपराधच वाटतो. पण शिष्य दमून आले, त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले, हे आपण विसरतो (मार्क 6:31).

ऊन चढण्याआधी आम्ही बागेत शिरलो. अबोली आणि मोगऱ्याला पाणी घातले. माडाचे आळे सारखे केले, ओल टिकावी म्हणून त्यात सुका पालापाचोळा पसरला. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरियेला प्रभू माळीच वाटला होता, हे आठवून मातीने भरलेल्या हातांचेही कौतुक वाटले.

तेवढ्यात फाटकात दादा उभे. ते रोज आमच्या झाडांना पाणी घालायला येतात, रविवारीही. ओली आळी पाहून म्हणाले, "सगळं झालंच की! मग मी काय करू?"

आम्ही हसत म्हटले, "आज सुट्टी, दादा."

ते जागचे हलले नाहीत. जरा वेळाने हळूच विचारले, "आणि आजचा रोज?"

आम्ही खजील झालो. आम्ही छंद म्हणून केलेल्या कामाने त्यांचा रोज बुडत होता. इतक्या वर्षांत त्यांचा रविवार कसा जातो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. रोज दिला, ते घरी गेले. पण दिवसभर तो प्रश्न मनातून गेला नाही.

संध्याकाळी वाळू निवल्यावर आमच्या मोतीला घेऊन मोरजीच्या किनाऱ्यावर गेलो. तोबियाबरोबर राफाएल देवदूत निघाला, तेव्हा त्यांच्यामागे कुत्राही गेला होता. मोतीही तसाच, कुठेही निघालो की बरोबर. त्याला मोकळे सोडावेसे फार वाटते, पण आम्ही पट्टा सोडत नाही. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात आणि कुत्री वाळू उकरून ती अंडी खातात. मोतीच्या घटकाभर मौजेसाठी कासवाच्या पिल्लांचा जीव जायला नको.

तिथे चालताना दादांच्या प्रश्नाचा अर्थ उमगला. निर्गम 23:12 मध्ये विसाव्याची आज्ञा आहे, ती केवळ घरधन्यासाठी नाही. बैल आणि गाढव, दासीचा मुलगा आणि परका, या सर्वांना विसावा मिळावा म्हणून ती दिली आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीविषयी लिहिताना याच वचनाची आठवण करून दिली आहे. विश्रांतीने इतरांच्या हक्कांविषयी आपले मन जागे व्हावे, असे ते सांगतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: आपल्या घरी राबणाऱ्याला पगारी सुट्टी नसेल, तर आपला रविवार अर्धाच पाळला गेला. मिस्सा चुकवली तर आपण पापनिवेदनात सांगतो. मोलकरणीचा खाडा कापला, तर सांगतो का? घरोघरी हा हिशेब आपण या उन्हाळ्यात करून पाहू या. दादांना आता दर रविवारी सुट्टी आहे, रोजासकट. त्या दिवशीचे पाणी आम्ही घालतो.

हे प्रभो, तू दिलेला विसावा आम्ही एकट्यानेच घेऊन बसू नये, एवढी बुद्धी आम्हांला दे. आमेन.